लिंबातली बी

बनाबाईनं सकाळी मंडईतनं फळं आणली तीच मुळी डाव धरून. पपई, कलिंगड आणि लिंबं. कागलची चिमणाबाई आज लेकीला, संयोगिताला घेऊन बनाबाईचं राजारामपुरीतलं घर बघायला येणार होती. राजवीर आणि संयोगिता एकमेकांना पसंत होते. अडलं होतं फक्त राजवीरच्या आईच्या, म्हणजे बनाबाईच्या होकारावर.

कधीकाळी हीच चिमणाबाई आपल्या भावासाठी बनाबाईला बघायला आलेली. सरबताच्या पेल्यात एक बी गेली, तर म्हणाली, "जिला लिंबातली बी दिसत न्हाय, तिला संसार काय दिसणार?" आणि हे तालुकाभर सांगत सुटली. पुढं बरेच दिवस बनाबाईच्या दारात स्थळ फिरकलं नाही. असलं बोलणं विसरायला माणूस काय दगड असतो?

तेव्हापासून तिनं फळांच्या खोडी पाठ केल्या. पपई बिचारी गरीब. चिरली की बिया मधे गोळा, चमच्यानं खरवडल्या की काम झालं. कलिंगडाच्या बिया रांगेत बसतात, त्या रांगेवरनंच सुरी फिरवायची. लिंबू मात्र महाडांबिस! मधोमध कापलं की बी चिरते आणि सरबत कडू होतं. जरा बाजूनं कापावं.

चिमणाबाईनं घराचं कौतुक केलं, पण बनाबाईला ओळखलंच नाही. लग्नात नाव बदललं होतं म्हणा. तरी बनाबाईचं टाळकं सणकलं. घाव घालणारा विसरतो, सोसणाऱ्यानं काय करावं? होणाऱ्या सुनेनं फळं कापायची आमच्यात रीत हाय, असं धडधडीत खोटं बोलून तिनं ताट संयोगितापुढं सरकवलं. पोरीनं पपई, कलिंगड झकास कापलं आणि लिंबू बरोब्बर मधोमध चिरलं. राजवीरनं मान खाली घातली.

बनाबाईनं त्याच लिंबाचं कडू सरबत करून चिमणाबाईच्या हातात दिलं आणि तिचंच जुनं बोलणं शब्दाला शब्द ऐकवलं. चिमणाबाईला ओळख पटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

बोलली ती पोरगीच. "मावशी, राग आईवर हाय न्हवं? मग सुरी तिच्या हातात द्या की."

बनाबाईनं खरंच दिली. चिमणाबाईनं लिंबू कापलं, पिळलं, आणि दोन बिया पेल्यात पडल्या.

बनाबाईनं पेला उचलून बिया निरखल्या. कितीतरी वर्षांनी तिला बरं वाटलं.

"पोरगी पसंत हाय," ती म्हणाली. "साखरपुड्याचं सरबत तेवढं विहीणबाई करतील. आमच्या अख्ख्या भावकीसमोर."