वागिमिन मास्तरचं पत्र

वागिमिन आमच्या बुरू बेटावर आला तो बंदुकीच्या धाकानं. जावातला शाळामास्तर. सरकारविरोधी म्हणून धरलेला. ना खटला, ना शिक्षेची मुदत, नुसती वेठ. त्याच्यासारख्या हजारोंनी आमचं रान तोडून भातखाचरं काढली. मी तेव्हा पंचविशीतला. कैद्यांच्या छावणीच्या कडेला भट्टी लावून कायापुटीच्या पानांचं तेल काढायचो.

चौथ्या वर्षी लाकडं तोडायला आला असताना त्यानं घडी केलेला कागद माझ्या हातात कोंबला.

"तालिब, बाजाराला जाशील तेव्हा टपालात टाक. बायकोला लिहिलंय. जिवंत आहे, एवढं कळू दे तिला."

"टाकतो की मास्तर, त्यात काय!"

म्हटलं खरं. पण नामलेआच्या बाजाराच्या वाटेवर शिपाई तेलाच्या बाटल्यासुद्धा उघडून बघत होते. लांबूनच ते पाहून मी मागं फिरलो आणि कागद भट्टीत घातला.

"टाकलंस?" त्यानं विचारलं.

"टाकलं."

पुढं दिसला की तो नुसत्या भुवया उंचवायचा. मी मान हलवायचो, अजून उत्तर नाही.

दहाव्या वर्षी सगळ्यांना सोडलं. वागिमिन गावी गेला आणि चार महिन्यांत परत आला. तो मेला असं समजून त्याच्या बायकोनं, सुतिनानं, दुसरं लग्न केलं होतं, दोन लेकरं होती. दारातच ती म्हणाली होती, "एक चिठ्ठी तरी धाडायचीत." हे त्यानंच मला सांगितलं. मग कैदेत खणलेल्या पाटाकाठी, माझ्या शेजारीच, त्यानं घर बांधलं.

वीस वर्षं मी गप्प राहिलो. माझी बायको गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तो भात-मासळी घेऊन आला, वाढून समोर बसला. मी ताट बाजूला सारलं. सगळं सांगून टाकलं.

त्यानं हातातली पळी खाली ठेवली.

"घाबरलास, त्याचं काही नाही रे. आम्हीही घाबरायचोच. पण 'टाकलं' कशाला म्हणालास? खरं सांगितलं असतंस, तर दुसरं लिहून दुसऱ्या कुणाकडं दिलं असतं."

उठला आणि गेला.

पुढं सहा वर्षं जगला. पाण्याची पाळी, उंदरांचा उच्छाद, कुंपणावरून सगळं बोलायचा. माझ्या ओट्यावर मात्र पुन्हा चढला नाही.

"मास्तर, चहा तरी घ्या," मी म्हणायचो.

"राहू दे तालिब, गवत कापायचंय."