मुठीएवढा डबा

मुठीत सहज मावणारा, थंड, काळा... आणि तेवढ्याशा लांबीत इतकं वजन! आल्विन कुबेनाने सायलेन्सर तळहातावर तोलला आणि त्याचा निर्णय होऊन गेला. टेक्सासात सगळे याला डबाच म्हणतात. आखूड नळीची रायफल घ्यायची कशासाठी – पिकअपमध्ये कुठे न अडकता फिरावी म्हणून. मग तिच्या तोंडाला हातभर डबा लावायचा तर लांब रायफलीने काय घोडं मारलं होतं? रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं उकरून ठेवतात. त्यांच्यासाठी झटकन वळणारं हत्यार हवं, आणि हत्यारांतलं आपल्याला कळतं, याबद्दल आल्विनला कधी शंका नव्हती.

दुकानदार लॉनी, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, लांब डब्याची भलामण करत होता. आखूड नळीचा आवाज मुळातच मोठा, त्यावर एवढासा डबा म्हणजे... आल्विनने मान डोलावली. पुढचं त्याला ऐकू आलं नव्हतं. लॉनी बोलता बोलता डावीकडे सरकला होता, आणि डाव्या कानात गेली वीस वर्षं फक्त एक बारीक शिट्टी वाजते. तिची त्याला सवय झाली आहे; मान डोलावण्याचीही. आजोबा निदान सिगारेटचे फिल्टर कानांत कोंबून बार काढायचे. वडिलांनी तेही सोडलं – डुकराची चाहूल कानांनी लागते, बोळ्यांनी नाही, असं ते म्हणत. आल्विन तेच म्हणत आला... बायकोला, डॉक्टरला, आणि नऊ वर्षांच्या लेकीच्या, डार्लाच्या, खांद्याला पहिल्यांदा रायफल टेकवली तेव्हा, तिलाही.

डार्ला आता सव्वीसची आहे. शेत तीच बघते. डबा कुटुंबाच्या ट्रस्टच्या नावावर घ्यायचा, म्हणजे बाप सोबत नसतानाही तिला तो वापरता येईल. त्यासाठी सरकारी अर्जावर तिचेही बोटांचे ठसे लागतात, म्हणून ती आली होती. डावरी पोर. रायफल डाव्या खांद्याला लावते. नेम त्याच्यापेक्षा सरस.

"तुला दिसायला गोंडस हवा की ऐकायला?" लॉनीने आता समोर येऊन विचारलं.

"माझ्या कानांची काळजी तू करू नकोस."

"तुझ्या कानांचं तेरावं कधीच झालं. मी हिचं विचारतोय." मग डार्लाच्या उजव्या हाताला उभं राहून त्याने हळूच विचारलं, "बाळ, या दोनांतला कुठला?"

डार्ला गोड हसली आणि तिने मान डोलावली.

कुठला, असं विचारलं होतं. त्याला मान डोलावून कसं चालेल?... आल्विनने वळून तिच्याकडे पाहिलं. ती मान, ते बेताचं हसू, चेहरा किंचित वळवून धरलेला – सगळं ओळखीचं होतं, फक्त आरशातल्यासारखं उलट. डावरीचा उजवा कान नळीकडे असतो. नाक माझं नाही, डोळे आईचे, आणि मी हिला दिलं ते हे. कधीपासून? जेवणाच्या टेबलावर ती नेहमी उजव्या टोकाची खुर्ची का धरते, हे मी एकदाही विचारलं नाही.

त्याने आखूड डबा लांबच्या शेजारी ठेवला. दोन्हींवरून हात काढून घेतला.

"लॉनी," तो नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "तिच्या डाव्या बाजूला ये, आणि पहिल्यापासून सांग."

डार्लाने चमकून बापाकडे पाहिलं. तो तिच्याकडे न बघता काउंटरवर वाकला आणि आयुष्यात प्रथमच, चारचौघांत, उजवा कान पुढे करून उभा राहिला.