अकरा सेकंदांचा मालक

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही त्यांच्या मागे पोटकलम म्हणायचो. एक तर त्यांचं पोट शर्टाच्या खालच्या दोन बटणांना जुमानत नसे, आणि दुसरं म्हणजे नुसतं कलम सांगून त्यांचं समाधान होत नसे, त्याच्या पोटातलंही सांगावं लागे. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायलाही काहीतरी करावं लागतं.

आमची कंपनी घरोघरी इंटरनेटची जोडणी द्यायची आणि मी ग्राहकांच्या नोंदी सांभाळायचे. नाव, पत्ता, तार कोणत्या खांबावरून गेलीय, एवढंच. मग तो कायदा आला. चित्रपट आणि गाणी फुकट उतरवून घेणाऱ्या चोरांना वठणीवर आणायचं होतं. मंत्री टीव्हीवर म्हणाले, प्रामाणिक माणसाला घाबरायचं कारण नाही. हे वाक्य मी आजवर कुठल्याही प्रामाणिक माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

कायदा असा होता. कोण कधी कुठल्या साइटवर गेलं, काय शोधलं, याची नोंद आम्ही वर्षभर जपून ठेवायची. आपली कलाकृती चोरली गेली असं कोणाला वाटलं तर त्यानं 'नमुना नऊ' नावाचा अर्ज भरायचा आणि चोरी ज्या जोडणीवरून झाली तिचा क्रमांक द्यायचा. तो क्रमांक कोणाच्या घरातला, हे फक्त आम्हालाच ठाऊक. सात दिवसांत आम्ही नाव आणि पत्ता पाकिटात घालून अर्जदाराच्या हातात द्यायचा. मधे कोर्ट नाही, पोलीस नाही. त्यांचा वेळ वाचावा म्हणून. आणि ज्याचा पत्ता दिला त्याला कळवायचं नाही, कळवलं तर गुन्हा, कारण चोर सावध होईल.

खरे चोर पहिल्या महिन्यातच सावध झाले. लपायची साधनं बाजारात मिळत होती, त्यांनी ती घेतली. आमच्या जाळ्यात राहिले ते निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्या भाडेकरूनं काहीतरी उतरवलेलं असायचं, आणि आजारी माणसं, ज्यांना सिनेमा फुकट लागला की तो कोणी लावला हे विचारायचं सुचत नाही. मोठ्या कंपन्यांचे वकील शेकड्यानं क्रमांक पाठवायचे आणि आम्ही शेकड्यानं पत्ते द्यायचो. मीही द्यायचे. उगाच सोवळं नेसून बसत नाही.

तो माणूस मंगळवारी दुपारी खिडकीशी आला. फोटो स्टुडिओचा मालक. इस्त्रीचा शर्ट, पारदर्शक फाइल, आवाज मऊ. मला ताई म्हणाला. अर्ज इतका स्वच्छ भरलेला की मी मनात कौतुकच केलं. कलाकृतीचं नाव, 'बाही जोडण्याची पद्धत'. चोरीला गेलेला भाग, अकरा सेकंद. सोबत दोन छायाचित्रं जोडलेली. शिलाई मशीन आणि त्यावर बाईचे दोन हात. बाकी काही नाही.

त्यानं समजावून सांगितलं. कोणीतरी इंटरनेटवर शिवणकामाचे धडे देतं. चेहरा दाखवत नाही, आवाज नाही, नुसते हात आणि खाली सूचना. त्यातल्या एका धड्यात यानं पूर्वी आपल्या स्टुडिओत केलेल्या चित्रणाचा तुकडा वापरलाय. साइटवाल्यांनी याच कायद्याखाली त्याला क्रमांक दिला, आणि क्रमांक निघाला आमचा.

"हे हात कोणाचे?" मी सहज विचारलं.

"ते अर्जात विचारलेलं नाही ना, ताई?" तो हसून म्हणाला.

खरंच नव्हतं विचारलेलं. मी पोचपावतीवर शिक्का मारत होते, तेव्हा तो म्हणाला, "पत्ता आत्ताचाच मिळेल ना? नाहीतर शाळा पुन्हा बदलली असेल आणि..."

तो थांबला. फाइलचे कोपरे जुळवले. "म्हणजे, लोक घरं बदलतात ना. म्हणून विचारलं."

तो गेल्यावर मी नोंद उघडली. चौदा महिन्यांपूर्वीची जोडणी, एका बाईच्या नावावर. खाली तार ओढायला गेलेल्या आमच्या माणसाचा शेरा होता. हे शेरे कोणी वाचत नाही, म्हणून ते खरे असतात. 'ग्राहक बाईंनी ओळखपत्र दाराच्या फटीतून दोनदा मागून घेतलं. दारावर नाव नको म्हणाल्या. पुढच्या वेळी फोन केल्याशिवाय येऊ नये. घरात लहान मुलगी, घाबरट.'

मी कागद घेऊन पोटकलमांकडे गेले.

"साहेब, हा माणूस या बाईचा नवरा आहे. ती पळून आलीय त्याच्यापासून."

"अर्जात तसं लिहिलंय?"

"तो कशाला लिहील?"

"मग तुम्हाला कसं कळलं?"

मी शाळेचं सांगितलं, शेरा दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून, मग चष्मा खाली करून वाचला.

"बाई, नवरा कलाकृतीचा मालक असू शकत नाही, असं कुठल्या पोटकलमात आहे?"

"साहेब, हात तिचे आहेत."

"हात तिचे. चित्रण त्याचं. कायदा हातांचा नाही, चित्रणाचा आहे." हे बोलताना त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

मग त्यांनी कंपनीच्या विधी सल्लागाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, मला शहाणपण मिळावं म्हणून. सल्लागार कुठेतरी जेवत होते. घास चावत म्हणाले की आपण नुसता नळ आहोत, पाणी कोण पितो ते नळ बघत नसतो, आणि सात दिवस उलटले तर दंड आपल्याला आहे. पोटकलम माझ्याकडे बघून मान डोलावत होते. मी फोन संपेपर्यंतही तिथे थांबले नाही.

अर्जात चूक काढायची एवढंच माझ्या हातात होतं. बुधवारी मी तो परत पाठवला, दुसऱ्या पानावर सही अपुरी आहे म्हणून. गुरुवारी सकाळी आम्ही कुलूप काढायच्या आधी तो पायरीवर उभा होता, पूर्ण सही घेऊन. मी पानांचे क्रमांक नाहीत म्हणाले. त्यानं खिशातून पेन काढून तिथेच क्रमांक घातले, वळणदार. "काही घाई नाही, ताई," तो म्हणाला. "मी खूप थांबलोय." दुपारी पोटकलमांनी मला बोलावून सांगितलं की अर्जदाराला विनाकारण फेऱ्या मारायला लावणं हीसुद्धा कसूर धरली जाते.

शनिवारी दुपारी मी फोन घरीच ठेवला आणि बसनं निघाले. नवऱ्याला सांगितलं, चष्म्याच्या दुकानात जातेय.

एका धुलाई केंद्राच्या मागे तिसऱ्या मजल्यावर घर होतं. आतून मशीनचा आवाज येत होता. मी बेल दाबली तसा तो टाक्याच्या मधेच थांबला. खूप वेळ काहीच नाही. मग फटीतून एक डोळा दिसला.

"इंटरनेट कंपनीतून आलेय. मी एकटीच आहे. तुमच्या नवऱ्यानं आमच्याकडून तुमचा पत्ता मागितलाय. मंगळवारी आम्ही तो देणार आहोत."

दार उघडलं. पस्तिशीची बाई, मानेत माप घ्यायची फीत. मागे कापड बेतायच्या टेबलावर आठ-नऊ वर्षांची मुलगी गणितं सोडवत बसलेली. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि कोणी काही न सांगता वह्या दप्तरात भरायला घेतल्या. हे बघणं मला जड गेलं. तिला या कामाची सवय होती.

मी सगळं सांगितलं. कायदा, नमुना नऊ, अकरा सेकंद. बाईनं मधे एकदाही 'अरे देवा' म्हटलं नाही.

"बाही बसवताना दोन्ही हात गुंतलेले असतात," ती म्हणाली. "मोबाइल धरायला कोणी नव्हतं. जुनं चित्रण माझ्याकडे होतं, त्यातला तुकडा घेतला. आठ मिनिटांचं आहे ते. अकराच सेकंद घेतले, कारण पुढे माझी बाही मागे सरकते आणि मनगटावरचं दिसायला लागतं."

मी दप्तर भरणाऱ्या मुलीकडे पाहिलं.

"मी गाव बदललं," ती म्हणाली. "आडनाव बदललं. हिची शाळा दोनदा बदलली. बँकेत खोटा पत्ता चालला, दवाखान्यात चालला. खरा पत्ता फक्त तुम्हाला दिला. का, तर तार कुठे आणायची ते सांगावंच लागतं."

"कायद्यानं आम्हाला..."

"वर्षभर लिहून कशाला ठेवता तुम्ही? मी काय बघते, कधी बघते. काय करायचंय तुम्हाला त्याचं?"

"आम्हाला काहीच करायचं नसतं," मी म्हणाले. बोलल्यावर कळलं की याहून वाईट उत्तर देताच आलं नसतं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत आभार नव्हते. पाल अंगावरून झटकताना माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती, आणि मला वाटलं, बरोबर आहे. मी आले म्हणून मी काही पोटकलमांहून वेगळी झाले नव्हते. माझ्याच हातानं लावलेली फाइल होती ती.

"मशीन न्यायला दोन माणसं लागतात," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला, "तुम्ही निघा आता. खाली कोणाशी बोलू नका."

मंगळवारी मी त्याला पाकीट दिलं. पत्ता बरोबर, शिक्का बरोबर. त्यानं ते उघडून वाचलं, घडी घालून वरच्या खिशात ठेवलं आणि "फार उपकार झाले, ताई," म्हणाला.

बुधवारी तो आला तेव्हा मी ताई राहिले नव्हते. घर रिकामं होतं, धुलाईवाल्याला काही माहीत नव्हतं, आणि शाळेनं मुलगी सोमवारीच गेल्याचं सांगितलं होतं. त्यानं काउंटरवर मूठ आपटली. पाहिलंत, मूठ आपटायला आता त्याला अर्ज लागला नाही. पण तक्रारीला लागला, तोही त्यानं भरला, तितकाच स्वच्छ. ग्राहकाला आतून खबर दिली गेली.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक बाई आली आणि शेजारी पोटकलम. मी स्वतः कंपनीची ग्राहक होते, कर्मचाऱ्यांना जोडणी सवलतीत मिळे. म्हणून त्यांनी माझ्याच घराची वर्षभराची नोंद काढली. छापून. दोनशे चौदा पानं. पोटकलमांनी ती एका सुरात वाचून दाखवली, किराण्याची यादी वाचावी तशी. अमुक तारीख, पित्ताशयातले खडे आपोआप पडतात का. अमुक तारीख, सून बोलत नसेल तर काय करावं. अमुक तारीख, तेच पुन्हा. अमुक तारीख, पन्नाशीनंतर झोप का येत नाही. मी भिंतीकडे बघत होते. सहा वर्षं ज्या कागदांना मी नोंद म्हणत होते, त्यांचं खरं नाव मला त्या खोलीत कळलं, आणि ते चारचौघांत उच्चारण्यासारखं नाही.

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईचं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी तिला शोधलंच नव्हतं, बसनं गेले होते.

"ग्राहकाला तुम्ही कळवलंत का?" मुख्य कार्यालयाच्या बाईनं विचारलं.

"नाही."

आयुष्यात मी फार कमी वेळा खोटं बोललेय, आणि इतकं स्वच्छ कधीच नाही.

पण दोनशे चौदा पानं वाचल्यावर रिकाम्या हातानं कोण उठतं? त्यांना माझा नवरा सापडला. निवृत्तीनंतर तो दुपारी जुन्या कुस्त्या बघत बसायचा, कुठल्याशा फुकट साइटवर. कुस्तीचं प्रक्षेपण हीसुद्धा कलाकृती, पोटकलम म्हणाले. मालकाला कळवणं कंपनीचं कर्तव्य ठरतं. अर्थात, मी मुदतीआधी निवृत्ती घेतली तर कंपनी या बाबीकडे सहानुभूतीनं पाहील.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "त्यातला एक पैलवान मरून वीस वर्षं झाली," तो म्हणाला. "त्याची धोबीपछाड आता कोणाच्या मालकीची आहे?"

"ज्यानं कॅमेरा धरला त्याच्या."

त्यानं टीव्ही बंदच केला. मग म्हणाला, "चष्म्याच्या दुकानात गेलीच नव्हतीस तू."

"नाही."

"बरं केलंस." यापुढे त्यानं एक शब्द विचारला नाही. तीस वर्षांच्या संसारात मला याहून मोठा मान कोणी दिलेला नाही.

शिवणाचे धडे बंद पडले. शेवटच्या धड्याखाली बायका कितीतरी दिवस विचारत होत्या, कॉलरला अस्तर कोणतं लावायचं. मग साइटनं तो धडाच काढून टाकला. अकरा सेकंद अर्जदाराच्या मालकीचे असल्याचं मान्य झालं होतं, त्याला तसं पत्रही गेलं. स्टुडिओ अजून चालू आहे, असं ऐकते. लग्नाचे फोटो चांगले काढतो म्हणतात.

ती कुठे गेली ते मला ठाऊक नाही. कोणी दोनशे चौदा पानं काढली तरी त्यांना ते माझ्याकडून मिळायचं नाही.

शेवटच्या दिवशी पोटकलमांनी मला गुच्छ दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, यातलं काही व्यक्तिशः घेऊ नका."

"व्यक्तिशःच घेतलंय, साहेब," मी म्हणाले. "माणसानं दुसरं कसं घ्यायचं असतं?"

ते विचारात पडले. मी जिना उतरले तरी ते तसेच उभे होते, बहुधा पोटकलम आठवत.