हिरव्या सपाता

किल्ली आत गेली, पण फिरेना. मावशींनी ती काढली, रुमालाला पुसली, पुन्हा घातली.

"फिर की गं बाई. सकाळी तर गुमान फिरली होतीस."

आता तर ती अडकूनच बसली. दुसऱ्या हातात दुधाची पिशवी धरून मावशींनी मान वळवली. पाच दारं. पाचही तपकिरी, पाचही बंद, आणि एकाही दारासमोर काही म्हणजे काही नाही. हा आपला मजला की भलताच, कळायला मार्ग नव्हता.

कालच सेक्रेटरीनं फर्मान काढलं होतं: आग लागली तर पळायला वाट मोकळी हवी, तेव्हा दारांसमोरच्या वस्तू झाडून सगळ्या आत. त्याचंही चूक नव्हतं म्हणा. पण वसाहतीतल्या आठही इमारती एका साच्यातल्या, आणि राहणारी माणसं मात्र नाना देशांची, नाना भाषांची. प्रत्येकाचा पसारा वेगळा. लिफ्टमधून उतरलं की आधी डॉक्टरांच्या बुटांची रांग, मग जुळ्यांची बाबागाडी, मग ती गंजकी सायकल, आणि सायकलीच्या पुढचं दार मावशींचं. आताशा आकडे त्यांच्या डोक्यात टिकत नसत. चार म्हणता म्हणता पाच व्हायचे. बाबागाडी मात्र बाबागाडीच राहायची.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच नाही. मागच्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच वाहत राहिला, तेव्हा लेक धावत आली होती.

"आई, आणखी एकदा असं काही झालं ना, तर मी तुला इथे एकटीला ठेवणार नाही. तिकडे छान आहे गं. बाग आहे, माणसं आहेत."

'तिकडे' म्हणजे वृद्धाश्रम. मावशींनी तो एकदा पाहिला होता. बाग खरंच छान होती. फाटकाला बाहेरून कुलूप होतं. गॅस विझला त्या दिवशी परत जाताना लेक आपला नंबर सेक्रेटरीला देऊन गेली होती.

आणि ही वेळ यावी कुणावर? एकतीस वर्षं शाळेच्या बसमध्ये मुलं घरी पोचवणाऱ्या बाईवर! मूल उतरलं की मावशी त्याचा हात धरूनच विचारायच्या, "हेच का घर?" पोरानं मोठ्यानं म्हणायचं, "हेच माझं घर." दारात ओळखीचं माणूस दिसायचं, मगच मावशी हात सोडायच्या. ड्रायव्हर कातावायचा. मावशी म्हणायच्या, "तू आपला हॉर्न वाजव. पोरं माझ्याकडे." एकतीस वर्षांत एक लेकरू इकडचं तिकडे झालं नाही.

लिफ्ट घरघरत वर येऊ लागली. आतून सेक्रेटरीचा आवाज येत होता, कुणाला तरी फोनवर झापत होता. मावशींची पाचावर धारण बसली. त्यांनी किल्लीला हिसका दिला. निघेना. पळून जायचं तरी कुठे?

तेवढ्यात दार आतून उघडलं. रात्रपाळी करून झोपलेली उंच नर्स, डोळे तांबारलेले, पायांत हिरव्या सपाता.

"मावशी?"

इमारतीतल्या निम्म्या लोकांना मावशींच्या भाषेतला तेवढा एकच शब्द येत होता. या नर्सला आणखी थोडे येत होते.

लिफ्टचं दार सरकलं आणि सेक्रेटरी बाहेर आला. "अरे? मावशी, तुम्ही पाचव्यावर कशा? आणि ही किल्ली कुणाची लावलीय?"

नर्सनं किल्लीकडे पाहिलं. मग मावशींच्या हातातल्या दुधाच्या पिशवीकडे पाहिलं.

"मी सांगितलं. मी झोपते, मावशी दूध आणते," ती म्हणाली आणि पिशवी हातातून काढून घेतलीसुद्धा.

"नाही, यांच्या लेकीनं सांगून ठेवलंय, काही वाटलं तर फोन..."

"फोन नको. दूध आलं."

तिनं मावशींना आत घेतलं आणि दार लावलं. मावशी मटकन खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या आणि इतके महिने दाबून ठेवलेलं बोलून गेल्या.

"मला माझं दार सापडत नाही गं. बाहेर वस्तू होत्या, त्यावरून कळायचं. आता कशावरून कळणार? कुणाला सांगू नकोस. मला इथून नेतील."

नर्सनं रिकामा पेला त्यांच्या हातातून घेतला. तिला किती समजलं, देव जाणे.

"डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. "मी बरोबर. लेकीला मावशी सांगणार. मी नाही."

लेकीला सांगायचं म्हणजे 'तिकडे'च जायचं, हे मावशींना ठाऊक होतं. तरी त्यांनी मान डोलावली.

नर्सनं अडकलेली किल्ली हलक्या हातानं सोडवली आणि मावशींचा हात धरून जिन्यानं त्यांना खाली आणलं. चौथा मजला. दारावरचं नाव वाचून ती थांबली. किल्ली फिरली. दार उघडलं. आत मावशींची खुर्ची, मावशींची छत्री. तरी नर्स हात सोडेना. ती नुसती बघत उभी होती. तो हात मावशींना नीट ओळखू आला. एकतीस वर्षं तो त्यांचाच होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि जीवही भांड्यात पडला.

"हेच माझं घर," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

नर्सनं हात सोडला. दुधाची पिशवी आत ठेवली. मग पायांतल्या हिरव्या सपाता काढून दाराबाहेर भिंतीला लावून ठेवल्या आणि अनवाणी जिना चढून गेली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई, सगळं ठीक ना?"

मावशींनी फोन कानाला धरूनच दार किलकिलं केलं. पाचव्यांदा. सेक्रेटरी अजून फिरकला नव्हता. सपाता होत्या.

"ये रविवारी," त्या म्हणाल्या. "तुला एक सांगायचंय."