ठासून भरलेली वाळू

मी एक जुनी तोफ आहे. दचकू नका, मित्रांनो! लढाई कशी असते ते मी पाहिलेलेसुद्धा नाही. एका प्रयोगशाळेत आडवी पडून मी पेलाभर वाळूवर किंवा भोकाभोकांच्या दगडावर नेम धरते. दाबलेल्या वायूच्या जोरावर धातूची चकती सोडते. ती पेल्याच्या पुढच्या तोंडावर आदळते, आणि धक्का मागच्या तोंडाशी किती जोमाने पोचला ते तिथले यंत्र सांगते.

नवी होते तेव्हा पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. पुढे मोठ्या तोफा आल्या आणि माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत पडू लागल्या. माणसांचा हिशेब मला पाठ आहे: काम असले की ‘आमची तोफ’, नसले की ‘ती नळी’. यंत्रांची देखभाल करणारे मिस्त्री तेवढे मला रोज पुसत. “चला म्हातारे, आंघोळ!” म्हणत.

मिस्त्रींना अर्धवट भरलेली वस्तू बघवत नसे. त्यांची मुलगी दगडाच्या खाणीवर वजनकाट्यावर बसे. सकाळी जाताजाता ती डबा न्यायला येई. त्यात भाजी इतकी कोंबलेली, की झाकण लावायला मिस्त्री तो माझ्या नळीवर ठेवून कोपराने दाबत.

त्या खाणीवर सुरुंगाच्या दारूची कोठी बांधायचे ठरले, नेमकी तिच्या खोलीला लागून. मध्ये वाळू भरलेली दुहेरी भिंत. दारू उडालीच तर भिंत धक्का अडवेल का, हे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तपासून सांगायचे होते. मिस्त्रींची थट्टा बंद झाली. त्या भिंतीसाठीच्या वाळूचा पेला त्यांनी स्वतः भरला.

मी चकती सोडली. धक्का जवळजवळ तसाच पलीकडे पोचला.

मिस्त्री बाईंकडे वळले. “बाई, पोरीला नोकरी सोडायला लावतो.”

“थांबा हो, काका. ही सुट्या वाळूची लक्षणं नाहीत. पेला भरलात कसा?”

“कसा म्हणजे? ठोकून, दाबून, परत वर भरून! पोरीच्या भिंतीत कंजुषी करू?”

बाईंना हसू आवरेना. “अहो, तुम्ही तिचा डबा भरलात! धक्का कमी होतो तो कणांमधल्या रिकाम्या जागेमुळे. कण त्या पोकळीत कोसळतात, घासतात, फुटतात, तापतात. धक्क्याचा जोर तिथेच खर्ची पडतो. तुम्ही जागाच ठेवली नाहीत, मग तो बिचारा सरळ पुढे गेला.”

दुसरा पेला बाईंनी वाळू अलगद ओतून भरला. मिस्त्री हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते, न जाणो ठोकला गेला तर! मी चकती सोडली. या वेळी धक्का लंगडत पोचला. यंत्राकडे बघून मिस्त्रींनी माझ्या नळीवर कपाळ टेकले. मी लोखंडाची, पण ती ऊब मला पोचली.

“वाळू हळूहळू खाली बसेल,” बाईंनी बजावले. “अधूनमधून उपसून पुन्हा मोकळी भरावी लागेल.” ते काम मिस्त्रींनी हट्टाने आपल्याकडे घेतले.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना अधूनमधून पुसत जा, छत्र्या दुसरीकडे वाळवा. आणि जीव लावाल तिथे थोडी जागा मोकळी सोडा. तीच वेळेला धक्का सोसते.

परवा मुलगी डबा घेताना ओरडली, “बाबा, आज झाकण आपोआप लागलं!”

“मग? शिकलो मी,” मिस्त्री ऐटीत म्हणाले.

ती पिशवी उचलायला वळली तेवढ्यात त्यांनी झाकण उघडून आणखी एक घास आत सरकवला. डबा माझ्याच नळीवर होता, आणि झाकणावर त्यांचे कोपर.