मॅडमचा शेवटचा बिनखेळाडू

मानवी ज्ञानाची सीमा पुढे सरकवायला काही माणसं जन्मालाच यावी लागतात. अकोल्याच्या जठारपेठेतला शुभंकर त्यांपैकीच एक. त्याने आयुष्यात कोणताही खेळ खेळला नव्हता.

कॅरमसुद्धा नाही. सोंगटी पलंगाखाली गेली की वाकावं लागतं.

शिकायला तो अमरावतीला आला आणि अदिती मॅडमच्या नजरेस पडला. खेळाडू आणि बिनखेळाडू विद्यार्थ्यांच्या पायांत जोर किती, फुप्फुसांत दम किती, याची तुलना त्या पीएच.डी.साठी करत होत्या. खेळाडू ढिगाने मिळाले. पण बिनखेळाडू असल्याचं कोणी कबूल करीना. जो तो आपल्या गावी कबड्डीत गाजलेला. एक जण कमी पडत होता आणि श्वास मोजायचं उसनं यंत्र महिनाअखेर परत जायचं होतं.

"अगदी तुझ्यासारखाच मुलगा हवा होता!" मॅडम म्हणाल्या.

बालवाडीपासून आजवर एकाही शिक्षकाने त्याला असं म्हटलं नव्हतं. शुभंकर विरघळला.

यंत्र जायच्या आदल्या दिवशी तो हजर झाला. रूममेट गोपालने त्याला गाडीवर आणून सोडलं आणि स्वतः बाहेर बाकावर आडवा झाला.

"व्यायाम वगैरे काही करत नाहीस ना?" मॅडमनी रिवाज म्हणून विचारलं.

"करतो ना! त्या दिवसापासून रोज मालटेकडी पळत चढून राहिलो. म्हटलं, मॅडमची मान खाली नाही जाऊ द्याची."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "अरे बाळा, मला न पळणाराच हवा होता रे! आता ऐनवेळी दुसरा कुठून आणू?"

शुभंकरचा चेहरा उतरला. मग त्याला बाहेरचं घोरणं ऐकू आलं.

"मॅडम, हा घ्या! मी पळायले निघालो का हा कूस बदलते. तेवढाच याचा व्यायाम."

"कावून बे, झोपू दे ना!" म्हणत गोपाल आत आला. चहा निववावा तशी त्याने नळीत फुंकर मारली. पायांचा जोर मोजायची साखळी ओढली, तर काटा थोडा हलला आणि शरमून परत बसला. मॅडमना भरून आलं.

"शुभंकर, माझ्यासाठी आजवर कोणी रिक्षा थांबवायलाही पळालं नव्हतं. प्रबंधात तुझे आभार मानणार मी."

"उपकार तं तुमचे, मॅडम. मले पाय आहेत, हे तुमच्यामुळं समजलं." तो वाकून पोटऱ्या चोळू लागला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार ना."

"उद्यापासून नाही पळलो, तं चालन ना?"