माईक आणि मोटारीचा फुटबॉल

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोलणं पुढे पोचवलं. आज जरा माझंही ऐका.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा दौंडच्या एका दुकानात होतो. तिथून शिरूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आलो. कोरोनाच्या साली सगळे तास माझ्यासमोरच व्हायचे. काय माझा थाट होता! मग मुलं वर्गात परतली आणि मी पंपाच्या लॅबमधल्या खणात पडलो, तुटके खडू आणि संपलेले सेल यांच्या शेजारी. गरज सरो, वैद्य मरो!

दोन वर्षांनी सीमा मॅडमनी खण उघडला. माझ्यावरची धूळ पुसत त्या म्हणाल्या, "चला, पॉडकास्ट करू." गावोगावची मुलं तास-तास जीपमधून येतात, तेवढ्या वेळात मोबाईलवर धडा ऐकतील, असा त्यांचा बेत. मी खूश. पण मॅडम पुस्तकच वाचून दाखवायच्या. आठवड्याने वडगाव रासाईचे जीपवाले पोपटराव थेट लॅबच्या दारात आले.

"मॅडम, तुमचं पॉडकास्ट लई भारी हाय, पण पोरं झोपत्यात. आन् पोरांचं सोडा, मलाबी डुलकी येती. गाडी मला चालवायचीय!"

मॅडम खळखळून हसल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात मॅडमनी लॅबमध्ये विचारलं, "पंप चालू आहे, पण पाणी उचलत नाही. आधी काय तपासाल?"

"फुटबॉल!" वडगाव रासाईची गौतमी पटकन म्हणाली.

अख्खी लॅब हसली. "गोलकीपर पण लागेल का?" म्हणून सार्थकने वर फोडणी दिली. त्या दिवसापासून गौतमी तोंड उघडेना. तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर, परीक्षक बाहेरचे.

"मॅडम, लेखी कितीबी लिहीन, पण मी बोलणार न्हाई. नापास झाले तर झाले," ती म्हणाली.

मॅडमनी एवढंच विचारलं, "फुटबॉल म्हणजे काय गं?"

"नदीत पायपाच्या टोकाला आसतो त्यो. आमच्याकडं समदे त्याला फुटबॉलच म्हणत्यात."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अगं, तो फूट व्हॉल्व्ह! तुझं उत्तर बरोबर होतं."

रविवारी मॅडम मला घेऊन भीमेच्या काठी गौतमीच्या शेतावर गेल्या. वारं सुटलं होतं, म्हणून माझ्या डोक्यावर गौतमीच्या भाच्याचं टोपडं चढवलं. मी कसा दिसत होतो, ते विचारू नका! तिची आई सिंधूबाई माझ्यापुढे बसली.

"जय भीम! ह्याच्यात बोलू व्हय? आवो, फुटबॉलात झडप आसती. ती पाणी वर जाऊ देती, माघारी न्हाई. तिच्यात कचरा आडाकला की पाईप रिकामा. मंग मोटार नुसती कोकलती. तवा आदी पाईप पाण्यानं भरायचा. फुटबॉल लईच गळत आसंल, तर पायपात शेणकाला वतायचा, म्हंजी पाण्यात कालवल्यालं शेण. फट बुजती."

"पाईप आधी पाण्यानं भरायचा, यालाच पुस्तकात प्रायमिंग म्हणतात," गौतमी बोलून गेली. मी समोर आहे हे ती विसरलीच होती. माझा आनंद गगनात मावेना!

सोमवारी जीपमध्ये कोणी झोपलं नाही. पोपटरावांनी सिंधूबाईंचा भाग दोनदा लावला.

परीक्षेच्या दिवशी मी लॅबच्या टेबलावरच होतो. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, पंप पाणी उचलत नसेल तर आधी काय तपासाल? गौतमीने माझ्याकडे पाहिलं. माझा जीव टांगणीला. मग ती सावकाश म्हणाली, "सर, फुटबॉल. म्हणजे फूट व्हॉल्व्ह." आणि सुटली ती थेट शेणकाल्यापर्यंत.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "आणि शेण नसेल तर?"

"शेजाऱ्याकडून आणायचं, सर."

सर पोट धरून हसले. या वेळी गौतमीही हसली. पास तर ती झालीच.

पुढचा नंबर सार्थकचा होता. प्रश्न तोच. घाबरून त्याला खरं नावच आठवेना. शेवटी तो पुटपुटला, "फुटबॉल, सर."

मित्रांनो, आता मॅडम मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतात. तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची वायर ओढू नका, त्याला खणात विसरू नका. आणि कोणी तुम्हाला माहीत नसलेला शब्द बोललं, तर हसण्याआधी विचारा, "म्हणजे काय गं?"